पुष्पा नावाच्या फोल्डरचा बॅकअप

५ सप्टेंबर २००४, रविवार. सकाळी.
कॉम्प्युटर आज पुन्हा चालू होता होता बंद पडला. डब्याच्या उजव्या अंगाला थाप मारल्यावर चालला. थाप मारणे ही तांत्रिक पद्धत नाही, याची मला कल्पना आहे. एमएससीआयटीला एक्क्याऐंशी टक्के मिळवलेल्या माणसाने असे करू नये. परंतु थाप कुठे मारायची हे कळायलाही अभ्यास लागतो.

निर्णय: जुना कॉम्प्युटर काढणे, नवीन घेणे. मुदत दसरा. त्याआधी सर्व डेटाचा सुरक्षित बॅकअप. घाई नाही. पद्धतशीर.

सर्व डेटा म्हणजे शिवकन्येच्या डिप्लोमाचे प्रोजेक्ट, माझी सरावाची पत्रे, आणि PUSHPA हे फोल्डर.

दुपारी.
नाशिकहून शिवकन्येचा फोन. नववा महिना लागला की पहिल्या बाळंतपणाला इकडेच येणार आहे. तिच्या सासूबाई म्हणत होत्या की माहेरी आता करणारं कोण आहे, इथेच राहा. तिने ऐकले नाही. मला म्हणाली, बाबा, आईने माझ्यासाठी जे जे बोलून ठेवलंय ते सगळं सीडीवर करून ठेवा. आई नाही तर निदान तिचं सांगणं तरी कानावर पडेल.
करतो म्हणालो. फोन ठेवला. त्यात अवघड काही नाही.

शिवकन्येचे लग्न झाल्यावर ही, म्हणजे पुष्पा, रोज संध्याकाळी माईकपुढे बसून तिच्यासाठी बोलायची. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळाला अंघोळ कशी घालायची, सासू बोलली तर काय करायचे. साऊंड रेकॉर्डर एका मिनिटाने आपोआप थांबतो. वाक्ये आखूड ठेव, असे मी अनेकदा बजावले. हिने कधी मनावर घेतले नाही. जवळजवळ प्रत्येक फाईल अर्ध्या वाक्यात तुटते. नावे मी दिली: DINK, ALIV, MALISH, SASU1 ते SASU4. शिवकन्येला देऊन टाकू म्हटले की म्हणायची, थांबा, अजून सांगायचं राहिलंय. मग मार्चमध्ये ही गेली.

स्पीकरची वायर तेव्हापासून काढून ठेवली आहे. वीज वाचते.

८ सप्टेंबर, बुधवार
बॅकअपला प्रारंभ. फ्लॉपींचा नवा डबा आणला. एका फ्लॉपीत एकच फाईल मावते. पहिली फाईल जाताना ड्राइव्हमधून जात्यासारखा आवाज, फाईल अर्धवट. दुसऱ्या फ्लॉपीला बॅड सेक्टर. तिसरीच्या मध्यात लोडशेडिंग. वीज आली तेव्हा कॉम्प्युटर चालू होईना. थाप.

सगुणाआक्का, माझी थोरली बहीण, मार्चपासून गावाकडून इथे शहरात, मस्तगडला येऊन राहिली आहे. ती दारात उभी राहून म्हणाली, कडूबा, त्या डब्याला काहून मारून राह्यलास? माणसाला कधी बोट लावलं न्हाईस अन् त्याला मारतूस.
मी म्हणालो, मारत नाही, सुरू करतो आहे.
ती म्हणाली, मंग बैलालाबी लोक असंच म्हणत्यात.

फ्लॉपीची पद्धत मागास आहे. आज एकही फाईल पदरात पडली नाही. वेगळा मार्ग शोधणे.

१२ सप्टेंबर, रविवार
मार्ग सापडला. आणि तो डोळ्यांसमोर होता.

PUSHPA हे फोल्डर फार आत आहे. शोधायला नको म्हणून मी त्याचे चित्र केव्हाच बाहेर, डेस्कटॉपवर आणून ठेवले होते. कोपऱ्यात छोटा बाण असलेले. एकेक फाईल उचलण्याऐवजी आज ते संपूर्ण चित्रच उचलून फ्लॉपीवर टाकले. एका क्षणात गेले! अख्खे फोल्डर! आणि फ्लॉपीत भरपूर जागा शिल्लक.

मला आधी शंका आली. मी आंधळेपणाने काही करत नाही. म्हणून फ्लॉपी उघडली, चित्रावर दोनदा क्लिक केले. आत सर्व फाईली व्यवस्थित. DINK, ALIV, MALISH, सासूच्या चारही. एकही कमी नाही. याचा अर्थ अनेक फाईली एकत्र असल्या की कॉम्प्युटर त्या दाबून बसवतो. कोर्समध्ये हे शिकवले नव्हते. अनुभवाने कळते.

वाजवून पाहिल्या नाहीत. नावे दिसली म्हणजे फाईल आहे.

तीन प्रती केल्या. एक देवघरात, एक ऑफिसच्या कपाटात ठेवायला, एक आक्काच्या पेटीत लुगड्यांच्या घडीत. एकाच जागी सर्व ठेवणे हा अडाणीपणा. शिवकन्येला फोन करून सांगितले, बॅकअप पूर्ण. ती म्हणाली, एवढ्यात? मी म्हणालो, पद्धत माहीत असली की वेळ लागत नाही.

१३ सप्टेंबर, सोमवार
फ्लॉपी ऑफिसला नेली. तालुका कृषी कार्यालयात कॉम्प्युटर आहे, पण त्याला आवाजाची सोय नाही, त्यामुळे तपासण्यात अर्थ नव्हता. शिवाजी, माझ्या शेजारच्या टेबलावरचा, म्हणाला, भाऊसाहेब, एवढ्या फायली एका फ्लॉपीत कशा बसतील हो? माझ्याकडं तर एक गाणं बसंना.
शिवाजीला एमएससीआयटीला दोनदा बसावे लागले होते. प्रत्येकाला समजावत बसलो तर खरीप पेरणीचा अहवाल कोण पाठवणार.
फ्लॉपी कपाटात, अहवालांच्या मागे. सुरक्षित.

२ ऑक्टोबर, शनिवार. सुट्टी.
साड्यांच्या दुकानाच्या वर सर्जेराव कॉम्प्युटर जोडून विकतो. त्याच्याकडे गेलो. पितृपक्ष चालू असल्याने फक्त चौकशी. त्याने दसरा एक्स्चेंज काढले आहे. जुना द्या, नवा न्या. नव्यात सीडी रायटर, मोठी हार्डडिस्क, एक्सपी. काळा रंग. देखणा आहे.

सर्जेराव म्हणाला, काका, जुन्यातली हार्डडिस्क मी दोन घंट्यांसाठी नव्याला जोडतो, समदा डेटा बराबर खाली उतरवून देतो. तुम्ही बिलकुल टेन्शन घेऊ नका.
मी विचारले, उतरवताना फाईली वाजतात का?
म्हणाला, म्हंजे चेक तर करावंच लागतं ना काका. एक-दोन वाजवून बघतो.
दुकानात त्या वेळी चार पोरे आणि बँकेतले एक ओळखीचे गृहस्थ होते. मोठे स्पीकर दुकानाच्या दारात, जिन्याकडे तोंड करून लावलेले.
मी म्हणालो, गरज नाही. माझा बॅकअप झालेला आहे.
सर्जेराव म्हणाला, कशावर घेतला?
फ्लॉपीवर, असे सांगितल्यावर तो हसला. फ्लॉपी आता जुनी झाली म्हणून हसला असावा. सौजन्य नाही या धंद्यात.

१७ ऑक्टोबर, रविवार
पितृपक्ष संपला, घट बसले. यंदा घरात सण नाही. पण कॉम्प्युटर ही गरज आहे, सण नव्हे, हे आक्काला समजावले. तिचा नव्या कॉम्प्युटरला विरोध नाही. ती म्हणाली, तुझी बायकू त्या जुन्यापुढं बसून लेकीशी बोलायची, मी आल्ते तवा बघितलं. जुनाच ठिव की कोपऱ्यात. काय खातो तो?
मी म्हणालो, एक्स्चेंजमध्ये द्यावा लागतो.
ती म्हणाली, मंग तिचं बोलणं?
मी पेटीकडे बोट दाखवले. लुगड्यांत आहे.
आक्का बराच वेळ पेटीकडे बघत राहिली. तिला तंत्रज्ञानाचे आश्चर्य वाटले असावे.

२१ ऑक्टोबर, गुरुवार. खंडेनवमी.
उद्या सकाळी सर्जेराव जुना घेऊन जाणार. तो कोणाच्या घरी जाईल, कोण उघडेल, सांगता येत नाही. घरचा आवाज परक्याच्या कानावर जाता कामा नये. हे मला पहिल्यापासून स्पष्ट होते.
म्हणून आज रजा टाकून स्वतः फॉरमॅट केला. कॉम्प्युटरने विचारले, सर्व माहिती नष्ट होईल, पुढे जायचे का? वाय दाबले. खात्रीसाठी पुन्हा एकदा केला. टक्के वाढत गेले. शंभरावर गेल्यावर पडदा काळा, फक्त एक रेघ उघडमीट करत होती.
समाधान वाटले. काम चोख.

जेवण गेले नाही. उन्हामुळे.

संध्याकाळी आक्काने हत्यारांची पूजा मांडली. विळी, कात्री, माझी सायकल, शिवकन्येची जुनी कंपासपेटी. मग देवघरातली आणि पेटीतली अशा दोन्ही फ्लॉपी आणून पाटावर ठेवल्या आणि हळदकुंकू लावले. पातळ भिजवलेले. मी ओरडलो. फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकली होती, कुंकवाचे पाणी आत गेले. आक्का म्हणाली, सण न्हाई ते खरं, पण लेकराच्या कामाला येणाऱ्या वस्तूला हळदकुंकू लावाय काय जातं?
कोरड्या फडक्याने पुसल्या. पंख्याखाली ठेवल्या.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार. दसरा.
नवा आला. सर्जेरावने जोडून दिला. जुना घेऊन गेला. हातगाडीवर दोरीने बांधला होता. मी दारापर्यंत गेलो नाही, नव्याच्या वायरी बघत होतो.
नवा फार शांत चालतो. थाप मारायला जागाच नाही.

२४ ऑक्टोबर, रविवार
आज फ्लॉपीतून फोल्डर नव्या मशीनवर घेऊन सीडी करायची होती. फ्लॉपी घातली. PUSHPA दिसले. बाणासकट. दोनदा क्लिक केले.
स्क्रीनवर एक छोटी टॉर्च इकडून तिकडे फिरू लागली. शोधतो आहे म्हणतो. बराच वेळ शोधत होता. मग म्हणाला, सापडत नाही.
दुसरी फ्लॉपी. पुन्हा टॉर्च. पुन्हा तेच.

कारण उघड आहे. कुंकू.

आक्काला शांतपणे सांगितले की तिच्यामुळे काय झाले. ती म्हणाली, एवढ्या मोठ्या देवाला हळद चालती, तुझ्या डबीला न्हाई चालत? मी म्हणालो, देव मॅग्नेटिक नसतो. तिला ते कळले नाही. स्वयंपाकघरात गेली. भांडी नेहमीपेक्षा जोरात.

चिंता नाही. तिसरी प्रत ऑफिसात आहे. याचसाठी तीन ठिकाणी ठेवतात. उद्या आणतो.

२५ ऑक्टोबर, सोमवार
ऑफिसची फ्लॉपी. टॉर्च.
ऑफिसात हळदकुंकू लागलेले नाही. परंतु कपाटाशेजारी टेबलफॅन आहे आणि टेबलफॅनच्या मोटारीत चुंबक असते. हे माझ्या लक्षात यायला हवे होते. शिवाजीला विचारले, माझ्या मागे कपाटाला कोणी हात लावला होता का? म्हणाला, भाऊसाहेब, त्या कपाटाला तुमच्याशिवाय कुणी हात लावीत न्हाई, आत झुरळं हायेत.
झुरळांचाही विचार केला पाहिजे.

२८ ऑक्टोबर, गुरुवार
फ्लॉपी कापसाने स्पिरिट लावून पुसली. टॉर्च.
ड्राइव्ह पुसला. टॉर्च.
सर्जेरावला फोन केला, तुझा नवा ड्राइव्ह खराब आहे. तो म्हणाला, काका, खराब असता तर फोल्डर दिसलंच नसतं ना. त्याला आवाज चढवून बोललो. आयुष्यात दुकानदाराशी असे बोललो नव्हतो. दोष त्याचाच आहे. मशीन विकताना तपासायला नको?
आक्काशी बोलणे बंद आहे. म्हणजे ती माझ्याशी बोलते, मी उत्तर देत नाही. हा फरक पूर्वी फारसा कोणाला जाणवत नसे.

३१ ऑक्टोबर, रविवार
शिवकन्या आली. जावईबापू पोचवून लगेच परत गेले. चालताना दमते. आल्याबरोबर पाणीसुद्धा न पिता म्हणाली, बाबा, सीडी?
मी म्हणालो, किरकोळ तांत्रिक अडचण आहे, एक-दोन दिवस.
ती नव्या कॉम्प्युटरपुढे बसली. फ्लॉपी घातली. टॉर्च सुरू झाली तशी तिने बंद केली, काहीतरी उजव्या बटणाने उघडून पाहिले आणि मागे टेकली. मग म्हणाली, बाबा, जुना कॉम्प्युटर कुठंय?
दिला, म्हणालो.
आणि त्यातली हार्डडिस्क?
फॉरमॅट करून दिली. दोनदा. कोणाच्या हाती पडू नये म्हणून.

शिवकन्येचे म्हणणे असे: बाणाचे चित्र म्हणजे शॉर्टकट. फ्लॉपीत आईचा आवाज कधी गेलाच नव्हता, तो जुन्या कॉम्प्युटरात कुठे ठेवला आहे त्याचा फक्त पत्ता गेला होता. जुन्यात फ्लॉपी उघडली तेव्हा ती त्याच पत्त्यावर जाऊन आतले दाखवत होती.
पत्ता बरोबर होता, एवढे तिनेही मान्य केले.

आक्का दारातून म्हणाली, म्हंजे माझ्या कुंकवानं न्हाई झालं.


नंतर शिवकन्येने विचारले, बाबा, आई गेल्यावर तुम्ही एकदा तरी ऐकलं होतं का हो ते?
हा प्रश्न तांत्रिक नव्हता.

३ नोव्हेंबर, बुधवार
अद्याप सर्व संपलेले नाही. फॉरमॅट केलेल्या डिस्कमधूनही डेटा परत काढता येतो, असे शिवकन्या म्हणते. मलाही तसे वाटतच होते. सर्जेरावकडे गेलो. त्याने जुना कॉम्प्युटर शहागडच्या एका टायरवाल्याला विकला. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी. या माणसाला धीर नाही.
रजा टाकून एसटीने शहागड. हायवेला कचरू टायरवाल्याचे दुकान. ट्रकच्या रांगा, हवा भरायच्या मशीनचा आवाज. आमचा कॉम्प्युटर ट्यूबच्या ढिगाऱ्याशेजारी स्टुलावर होता. उजव्या अंगाला पोचा आहे, त्यावरून ओळखला. वर अगरबत्ती लावलेली.

कचरू म्हणाला, बोला साहेब, काय पाहिजे?
सांगायचे होते की यात माझ्या पत्नीचा आवाज आहे. तिथे दोन ड्रायव्हर चहा पीत उभे होते. मी म्हणालो, यात माहिती आहे. शासकीय.
कचरूने चहाचा ग्लास खाली ठेवला. कसली शासकीय? मी म्हणालो, कृषी खात्याची. तो म्हणाला, आयला, साहेब, मला काय म्हाईत, मी तर पोरान्ला गेम खेळाय अन् गाणी वाजवाय घेतला. माझ्यावर काय केस बिस होती का? ड्रायव्हर चहा टाकून निघून गेले. कचरूने हात जोडले. घेऊन जा साहेब, आख्खाच घेऊन जा, पण माझं नाव कुठं लिहू नका.
मी म्हणालो, फक्त डिस्क द्या, चार दिवसांत परत आणतो. त्याने स्वतःच पान्याने खोलून दिली. निघताना हळूच म्हणाला, साहेब, त्याच्यात आम्ही सिनेमे भरलेत. लई भरलेत. जागाच ठिवली न्हाई. त्याचं काही होणार न्हाई ना?
बसमध्ये डिस्क टॉवेलात गुंडाळून मांडीवर ठेवली. शेजारचा म्हणाला, डबा लई जपून धरला, गरम हाय का काय? हो म्हणालो.

७ नोव्हेंबर, रविवार
सर्जेरावने डिस्क जोडून रिकव्हरीचे सॉफ्टवेअर चालवले. यावेळी दुकान बंद ठेवायला लावले. तो, मी आणि शिवकन्या. दुपार गेली. सिनेमांचे तुकडे, गाण्यांचे तुकडे, मोटारींच्या शर्यतीचे गेम. नावे सगळी पुसलेली. सर्जेराव म्हणत राहिला, निघंल काका, काहीतरी बराबर निघंल.
शेवटी एक आवाजाची फाईल निघाली. आकार आमच्या फाईलीइतकाच. सर्जेरावने वाजवली. पूर्ण वेळ नुसती खरखर.
शिवकन्येने पुन्हा वाजवायला सांगितले. आणि पुन्हा. स्पीकरजवळ कान नेऊन ऐकत होती. मी म्हणालो, वायर सैल असेल. सर्जेरावने वायर घट्ट केली. खरखरच.
त्याने या कामाचे काही पैसे घ्यायचे नाहीत असे ठरवले होते. मला ते आवडले नाही. घरचे एवढे कोणाला कळू द्यायचे नव्हते.

कचरूला त्याची डिस्क पोस्टाने पाठवणे. स्वतः जाणे जमणार नाही.

१४ नोव्हेंबर, रविवार. पाडवा.
घरात दिवाळी नाही. दिवा फक्त.
शिवकन्या माझ्याशी कामापुरते बोलते. बरे चालले आहे. फार बोलणारी माणसे घरात असली की कामे होत नाहीत.
आक्का आणि ती दुपारभर डिंकाच्या लाडवांवरून भांडत होत्या. आक्का म्हणते डिंक तुपात तळून कुटायचा. शिवकन्या म्हणते, आई भरड ठेवायची. आक्का म्हणाली, तुझी आई माझ्याकडनंच शिकली व्हती. शिवकन्या म्हणाली, मग तुम्ही विसरलात. मला विचारले, बाबा, भरड की बारीक?
DINK ही फाईल रेकॉर्ड होताना मी शेजारी बसलो होतो. घड्याळाकडे पाहत. मिनिट संपायला किती राहिले ते बोटांनी दाखवत होतो. काय बोलत होती ते आठवत नाही.
मी म्हणालो, दोन्ही करा, तुलना होईल.

निश्चय: यापुढे प्रत्येक महत्त्वाची गोष्ट तीन जागी, आणि प्रत्येक जागी उघडून, वाजवून तपासणे. कागदावर लिहून कॉम्प्युटरच्या वर चिकटवले आहे. आता डेटा म्हणून काही उरलेला नाही, पण पद्धत असावी.

१ डिसेंबर, बुधवार
पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप. आक्काच सोबत होती. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात होतो. आक्का बाहेर येऊन म्हणाली, कडूबा, नात झाली, अन् लई मोठ्यानं रडून राह्यलीय, तुमच्यात कुणावर गेली काय म्हाईत.
आक्काशी बोललो. पेढे कुठून आणू, एवढेच. पण बोललो.

९ जानेवारी २००५, रविवार
सव्वा महिना होत आला. पुढच्या रविवारी जावईबापू न्यायला येतात.
आज मी पेपर वाचत असताना शिवकन्या बाळाला मांडीवर घेऊन समोर बसली. म्हणाली, बाबा, एक काम सांगू? तुमचा आवाज भरून द्या. हिच्यासाठी. काहीही बोला. ती मोठी झाली की तिला ऐकवीन.
मी म्हणालो, माझे काय ऐकायचे? आईसारखे मला काही येत नाही.
ती म्हणाली, तेच सांगा मग.
जाईपर्यंत सीडी हवी, म्हणाली. आणि यावेळी मला न विचारता शॉर्टकट काढू नका. हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.

आठवडा आहे. भरपूर. मुद्दे काढणे. एक: स्वतःची ओळख. दोन: शिक्षणाचे महत्त्व. तीन: आजीविषयी. मिनिटात बसेल असे लिहून, वाचून सराव करणे. मला वेळेचे भान आहे, अर्ध्या वाक्यात तुटण्याचा प्रश्न नाही.

१२ जानेवारी, बुधवार
नवा माईक आणला. चाचणी उत्तम. माझ्या खोकल्याचा आवाज अगदी समोर खोकल्यासारखा येतो.
मुद्दा एक लिहून झाला. ऑफिसच्या अर्जासारखा वाटतो. फाडला. मुद्दा दोन तर मलाच पटेना. मुद्दा तीनपुढे फक्त टिंब पडले आहे. पेन बदलून पाहिले.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत.
रेकॉर्डिंगला बसलो. समोरच्या गल्लीत लाऊडस्पीकर. रद्द.
दुपारी बसलो. बाळ रडले. रद्द.
सायंकाळी लोडशेडिंग. हा दोष वीज मंडळाचा म्हणावा, तर त्या वेळी मला हायसे वाटले, हे इथे लिहायला हरकत नाही.

१५ जानेवारी, शनिवार. सकाळी.
उद्या शिवकन्या जाते. आता कारण चालणार नाही. बाळ झोपले होते, गल्ली शांत. दार लोटून घेतले. कागद न घेता बसलो. लाल बटण दाबले.

आवाज दाखवणारी हिरवी रेघ सरळ चालली. बोलायचे होते. बाळाला कोणत्या नावाने हाक मारायची यातच काही वेळ गेला. नाव अजून ठेवायचे आहे. मग म्हटले, हिच्यापासून सुरुवात करावी. तुझी आजी, असे म्हणायला तोंड उघडले. ते तसेच राहिले. कॉम्प्युटरचा पंखा ऐकू येत होता. रेघ तशीच सरळ. मिनिट इतके मोठे असते हे माहीत नव्हते. ही त्यात किती काय काय बसवायची.
मिनिट शेवटाला आले तेव्हा स्वयंपाकघरातून आक्का ओरडली, कडूबा, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या रे?
मी म्हणालो, तीन.
रेकॉर्डर थांबला.

पुन्हा बसणार होतो. तोवर बाळ उठले, पाहुणे आले, ओटीची तयारी. मग दुसऱ्यांदा बसवले नाही.

१६ जानेवारी, रविवार. सायंकाळी.
शिवकन्या गेली. सीडी तिच्या पर्समध्ये दिली. म्हणाली, काय बोललात? मी म्हणालो, ऐक घरी जाऊन. गाडी वळेपर्यंत ती काचेतून बघत होती.

बॅकअप चोख झाला आहे. शॉर्टकट नाही, प्रत्यक्ष फाईल. एक प्रत देवघरात, एक आक्काच्या पेटीत, एक ऑफिसात न्यायला. तिन्ही काढून, उघडून, पूर्ण वाजवून पाहिल्या. स्पीकरची वायर जोडली आहे. एकही प्रत खराब नाही. सर्व ठिकाणी आधी पंखा, मग आक्का, मग मी.
तीन, हे स्पष्ट ऐकू येते.